शामोनीचे वाटाडे

शामोनीचे वाटाडे : आल्प्समधील माँ ब्लाँ (सु. ४,८०८ मी.; माथ्यावरील बर्फाच्या थराप्रमाणे उंची कमीजास्त होते) या शिखराच्या पायथ्याशी, आर्व्ह नदीच्या खोऱ्यातील शामोनी या गावी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेला व्यावसायिक वर्ग. साव्हुआ प्रांत १८६० मध्ये फ्रान्सला जोडला गेला. त्यापूर्वी, फ्रेंच अमलाची मधली वर्षे वगळता, हे खोरे सार्डिनियाच्या राज्यात मोडत असे. मराठीतील ‘वाटाड्या’ हा शब्द येथे थोडा अपुरा पडतो. ओझी वाहणे, कुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या खोदणे, हिमभेगांवर शिडी टाकणे आणि दमलेल्या पाहुण्याला वेळप्रसंगी पाठीवर घेणे, ही सारी त्याचीच कामे.

खोऱ्यात बेनेडिक्टीन मठ होता. त्याची मूळ सनद सु. १०९१ ची मानतात. लोकांची गुजराण गुरे, राय (गव्हासारखे एक धान्य) व ओट यांवर चाले. सतराव्या शतकात हिमनद्या पुढे सरकून शेते व घरे गिळू लागल्या, तेव्हा १६४४ मध्ये साहाय्यक बिशप शार्ल द साल यांनी मिरवणुकीने जाऊन बर्फावर आशीर्वादाचे विधी केले. गावकरी बर्फाला भीत असले तरी सगळेच त्यापासून दूर राहत नसत. शामवा या रानबकऱ्याचे शिकारी आणि कड्यांच्या कपारींतून स्फटिक काढून विकणारे लोक उंचावरच्या वाटा जाणून होते. विंडम व पोकॉक या इंग्रज प्रवाशांनी १७४१ मध्ये खोऱ्याचा ‘शोध’ लावला, असे जुन्या ग्रंथांत लिहिलेले असते. त्यांना वर हिमनदीकडे नेणारे मात्र गावचेच लोक होते.

जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ होरेस-बेनेदिक्त द सोस्यूर १७६० मध्ये प्रथम येथे आले आणि माँ ब्लाँच्या माथ्याची वाट शोधणाऱ्यास त्यांनी बक्षीस जाहीर केले. पुढची पंचवीस वर्षे प्रयत्न फसत राहिले. उंचीपेक्षा रात्रीची धास्ती मोठी होती : बर्फावर रात्र काढली तर माणूस वाचत नाही, असा समज होता. जून १७८६ मध्ये जाक बाल्मा या स्फटिक-शोधकाने एकट्याने उघड्या बर्फावर रात्र काढली आणि तो जिवंत परतला. त्यामुळे हा अडसर दूर झाला.

प्रथमारोहणाचा वाद : ८ ऑगस्ट १७८६ रोजी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बाल्मा आणि गावचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार शिखरावर पोचले. आदल्या रात्री ते माँताञ द ला कोत या खडकाळ सोंडेच्या टोकाशी झोपले होते आणि पहाटे निघाले होते. दोर, शिडी वा बर्फकुऱ्हाड यांपैकी काहीही बरोबर नव्हते. लांब काठ्या तेवढ्या होत्या. माथ्यावर पाकारने वायुभारमापकाची नोंद घेतली. उतरताना बर्फाच्या लखलखाटाने त्याला दिसेनासे झाले आणि हातांना हिमदंश झाला. इथवर मतभेद नाहीत. नेतृत्व कोणाचे, यावर मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ शाई खर्ची पडली.

स्वतः शिखर गाठू न शकलेला जिनिव्हाचा चित्रकार-लेखक मार्क-तेओदोर बूरी याने सप्टेंबर १७८६ मध्ये एक पत्र प्रसिद्ध केले. त्यात सारे श्रेय बाल्माला होते आणि पाकार जेमतेम ओढत नेलेला प्रवासी ठरत होता. उत्तरादाखल पाकारने बाल्माच्या सहीचे १८ ऑक्टोबर १७८६ चे निवेदन छापून आणले. ती सही कोऱ्या कागदावर घेतली होती, असेही पुढे सांगितले गेले. पाकारने जाहीर केलेला ग्रंथ कधीच निघाला नाही आणि त्याचे हस्तलिखितही हरवले. तो १८२७ मध्ये वारला. १८३२ मध्ये कादंबरीकार अलेक्सांद्र द्यूमा यांनी सत्तरीतल्या बाल्माला बोलते केले. त्या रंगतदार कथनात डॉक्टर जवळजवळ रांगत वर पोचतो, आणि खंडन करायला तो हयात नव्हता.

निर्णायक पुरावा तिसरीकडचा आहे. जर्मन सरदार गेर्सडॉर्फ त्या दिवशी शामोनीतून दुर्बिणीने चढाई पाहत होता. त्याने वेळा टिपल्या आणि वाटेचे रेखाटनही केले. दोघे जवळजवळ बरोबरीने माथ्यावर पोचल्याचे त्यावरून दिसते. या साधनांच्या आधारे हाइनरिख द्यूबी (१९१३) आणि नंतर ग्रॅहम ब्राउन व गॅव्हिन द बीअर (१९५७) यांनी पाकारची बाजू सावरली. आज तेच मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ‘सुशिक्षित पाहुणा विरुद्ध अडाणी गावकरी’ अशी वादाची जी मांडणी होते, ती मुळातच चुकीची आहे. नोटरीचा मुलगा असलेला पाकारही शामोनीचाच होता. गावात १८८७ मध्ये उभारलेल्या पुतळ्यात बाल्मा सोस्यूरना शिखर दाखवतो आहे. पाकारचा पुतळा येण्यास १९८६ उजाडावे लागले.

व्यवसाय व संघटना : ३ ऑगस्ट १७८७ रोजी सोस्यूर स्वतः अठरा वाटाड्यांसह माथ्यावर गेले आणि मागणी वाढू लागली. २० ऑगस्ट १८२० रोजी रशियाच्या सेवेतील डॉ. हामेल यांच्या तुकडीवर हिमलोट कोसळून प्येर बाल्मा, प्येर कारिये व ओग्यूस्त तेराझ हे तीन वाटाडे हिमभेगेत गाडले गेले. लगेच १८२१ मध्ये वाटाड्यांची कंपनी स्थापन झाली. मृतांच्या कुटुंबांना व जखमींना मदतनिधी, ठरलेले दर आणि पाळीपाळीने काम ही तिची तत्त्वे. हिमनदीच्या गतीचे अभ्यासक जे. डी. फोर्ब्ज यांनी हे मृतदेह सु. चाळीस वर्षांनी खाली बाहेर येतील, असे भाकीत केले होते. १८६१ पासून बोसों हिमनदीच्या तोंडाशी खरोखरच हाडे, केस, टोपीच्या चिंध्या निघू लागल्या; सोबत नेलेली मटणाची तंगडीही सापडल्याचे वर्णन आहे. अपघातातून वाचलेला जोसेफ-मारी कुते तेव्हा हयात होता.

पाळीची पद्धत गावाला न्याय्य वाटे, पाहुण्यांना जाचक. हवा तो वाटाड्या निवडता येत नसे आणि माँ ब्लाँसाठी माणशी चार वाटाडे घ्यावे लागत. १८५५ मध्ये हडसन, केनेडी आदी इंग्रजांनी दुसऱ्या बाजूने, वाटाड्यांविना शिखर गाठले, त्यामागे हा जाचही होता. शामोनीचा नावाजलेला वाटाड्या मिशेल क्रोझ १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न या आल्प्समधील दुसऱ्या शिखरावर, त्याच्या प्रथमारोहणानंतर उतरताना मरण पावला.

स्त्रियांविषयी नोंदी तुटपुंज्या आहेत. मोलकरीण मारी पारादी वाटाड्यांसोबत माथ्यावर गेली, ते बहुधा १८०८ मध्ये. काही ठिकाणी पुढची वर्षे दिलेली आढळतात. १८३८ मध्ये चढलेल्या आंरिएत दांजव्हिल या उमराव घराण्यातील स्त्रीचे तपशील त्या मानाने भरपूर मिळतात. १९०१ मध्ये रेल्वे आली, १९२४ मध्ये पहिले हिवाळी ऑलिंपिक येथे भरले. कंपनी अजून चालू आहे.