इन- (इंग्रजी उपसर्ग)

इन- हा इंग्रजीत लॅटिनमधून, बराचसा फ्रेंचमार्गे आलेला उपसर्ग. खरे तर हे दोन वेगळे उपसर्ग आहेत. दिसायला एकच असल्याने घोटाळा होतो. पहिला नकारार्थी: 'इन्करेक्ट' म्हणजे चुकीचे, 'इन्व्हिजिबल' म्हणजे अदृश्य. संस्कृतातील अ-/अन्- (अनंत, अनादर) आणि ग्रीकमधील अ-/अन्- ही त्याचीच भावंडे, मूळ इंडो-युरोपीय. दुसरा 'आत, कडे' या अर्थाचा: 'इन्हेल' म्हणजे श्वास आत घेणे, 'इम्पोर्ट' म्हणजे आयात.

या घोटाळ्याचे ठळक उदाहरण म्हणजे 'इन्फ्लेमेबल'. आपल्याकडे इंधनाच्या टँकरवर रंगवलेला हा शब्द 'पेट घेणारे' असेच सांगतो, कारण यातला इन- दुसऱ्या जातीचा. 'न पेटणारे' असा उलटा अर्थ कुणी काढला तर जिवावर बेतेल, म्हणून सुरक्षाचिन्हांवर आता 'फ्लेमेबल' वापरतात. 'इन्व्हॅल्युएबल'मधला इन- मात्र नकारार्थीच, तरी शब्दाचा अर्थ 'अतिशय मौल्यवान': ज्याचे मोल करता येत नाही ते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. 'अमूल्य' आणि 'अमोल' याच वाटेने आले आहेत.

पुढच्या व्यंजनाप्रमाणे न् बदलतो. प, ब, म यांआधी इम- (इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॉरल), ल आधी इल- (इल्लीगल), र आधी इर- (इर्रेग्युलर). उत् + लेख = उल्लेख हा संधी ज्याने शाळेत घोकला आहे त्याला हे वेगळे पाठ करावे लागत नाही. पण उच्चारात फरक पडतो. 'उल्लेख'मध्ये आपण दोन्ही ल उच्चारतो. इंग्रजीत दुहेरी अक्षर फक्त लिहिण्यापुरते. म्हणून खरे उच्चार 'इलीगल', 'इमॉरल', 'इरेग्युलर' असे होतात. वर दिलेली रूपे स्पेलिंगबरहुकूम आणि मराठी तोंडाची.

आघाताचा, म्हणजे उच्चारात कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याचा, प्रश्न अधिक त्रासदायक आहे. बहुतेक शब्दांत आघात मूळ शब्दावरच राहतो, पण काहींत तो उपसर्गावर सरकतो आणि पुढचा स्वर दबतो. 'फेमस'वरून 'इनफेमस' नव्हे, 'इन्फमस' (कुप्रसिद्ध), 'फायनाइट'वरून 'इन्फिनिट', 'पोटंट'वरून 'इम्पटंट'. यासाठी सोपा नियम नाही, शब्दकोश पाहावा. एकाच स्पेलिंगचा 'इन्व्हलिड' (आघात पहिल्या अक्षरावर) म्हणजे आजाराने पंगू झालेली व्यक्ती, तर 'इन्व्हॅलिड' (आघात दुसऱ्यावर) म्हणजे अवैध.

काही शब्दांत उपसर्ग सुटा करून उपयोग होत नाही. 'इनेप्ट'मधून इन- काढल्यावर उरणारा 'एप्ट' इंग्रजीत रूढ नाही. ते लॅटिनच्या 'आप्टुस'चे (योग्य) स्वर बदललेले रूप. 'एनिमी'त तर उपसर्ग ओळखूही येत नाही, पण मूळ लॅटिन 'इनिमिकुस' म्हणजे अ-मित्र.

अस्सल इंग्रजी नकारवाचक उपसर्ग अन- वेगळा. दोघांची वाटणी नीट झालेली नाही: विशेषण 'अनएबल', नाम मात्र 'इनॅबिलिटी', 'अनजस्ट' आणि 'इन्जस्टिस', 'अनईक्वल' आणि 'इनिक्वॉलिटी'.