ड्रॅगनची आग नेमकी कोणासाठी?

ड्रॅगनचा सांगाडा सापडल्याचा व्हिडिओ दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागतो. संगणकावर घडवलेली हाडं, मागे थरारक संगीत, आणि प्रतिक्रियांमध्ये हमखास एक युक्तिवाद: बॉम्बार्डियर भुंगेरा उकळतं रसायन फेकतो, मग ड्रॅगन आग का ओकू शकणार नाही?

सांगाड्याचा निकाल लवकर लागतो. चार पाय आणि वर दोन पंख, म्हणजे सहा अवयव झाले. पाठीचा कणा असलेल्या, जमिनीवर राहणाऱ्या कोणत्याही प्राण्याच्या आराखड्यात चारापेक्षा जास्त हातपाय नाहीत. पक्षी, वटवाघळं आणि टेरोसॉर (डायनोसॉरच्या काळातले उडणारे सरीसृप) या तिघांनीही पंखांच्या बदल्यात पुढचे पाय दिले. आकारालाही मर्यादा आहे. आजवरच्या सर्वांत मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झालकोॲटलस. त्याच्या पंखांचा विस्तार १० मीटरच्या आसपास होता आणि वजनाचे बरेचसे अंदाज २०० ते २५० किलोच्या घरात आहेत. तेव्हा आपला ड्रॅगन दोन पायांचा, दोन पंखांचा आणि फार तर एवढ्या वजनाचा धरू.

आगीचा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे, कारण भुंगेऱ्याची यंत्रणा उत्क्रांतीतल्या सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी एक आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी ग्रंथींची जोडी असते. प्रत्येक ग्रंथीत दोन कप्पे. आतल्या मोठ्या पिशवीत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्विनोन यांचं पाण्यातलं द्रावण भरलेलं असतं. हे दोन पदार्थ एकत्र आले की लगेच स्फोट होतो, असं अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं. ते साफ चूक आहे. दोघं एकाच पिशवीत गुण्यागोविंदाने नांदतात. गंमत बाहेरच्या छोट्या कप्प्यात आहे. तिथे कॅटलेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरं असतात. पिशवी आकुंचन पावली की द्रावणाचा थेंब या कप्प्यात शिरतो. कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, पेरॉक्सिडेज हायड्रोक्विनोनचं जळजळीत बेंझोक्विनोन करतं. एवढी उष्णता सुटते की द्रावण १०० अंश सेल्सियसला पोचतं आणि ऑक्सिजन व वाफेच्या दाबाने बाहेर फेकलं जातं.

मग भुंगेरा स्वतः का शिजत नाही? १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसलं की हा फवारा सलग नसतो. तो सेकंदाला सुमारे ५०० ठोक्यांनी बाहेर पडतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जिवंत भुंगेऱ्यांवर सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्रातले तीव्र क्ष-किरण टाकून फवारणी चालू असतानाचं चित्रण केलं आणि या ठोक्यांचं मूळ सापडलं. दोन कप्प्यांच्या मध्ये एक झडप आणि एक लवचीक पडदा आहे. बाहेरच्या कप्प्यात स्फोट झाला की त्याच्याच दाबाने पडदा फुगतो आणि येणारी वाट दाबून बंद करतो. फवारा सुटला, दाब उतरला, की पडदा मागे सरकतो, वाट उघडते आणि पुढचा थेंब आत येतो. कुकरची शिट्टी वाफेच्या दाबाने आपोआप उचलली जाते, तसंच हेही आपोआप चालतं. फरक इतकाच की इथे दाब वाट उघडत नाही, मिटवतो. दर ठोक्याला मज्जातंतूने हुकूम द्यावा लागत नाही. शिवाय प्रत्येक ताजा थेंब थंड असल्यामुळे कप्पा मधल्या मधे निवतो, आणि स्फोट मागच्या साठ्यापर्यंत पोचत नाही. सर्वांत धोकादायक क्षणी धोकाच दार लावून घेतो! मला ही झडप सगळ्या दंतकथांपेक्षा जास्त अद्भुत वाटते.

आता हीच यंत्रणा ड्रॅगनच्या जबड्यात बसवू. भुंगेऱ्याचा कप्पा एक मिलिमीटरहूनही लहान असतो. तो लांबी-रुंदी-उंचीला शंभर पट केला, तर भिंतींचं क्षेत्रफळ दहा हजार पट वाढतं आणि आतल्या द्रवाचं आकारमान दहा लाख पट. म्हणजे दर थेंबामागे उष्णता बाहेर जायला वाट उरते ती शंभरावा हिस्सा. उष्णता द्रवातून नुसती झिरपत जाणार असेल, तर तिला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो: अंतर शंभर पट, वेळ दहा हजार पट. तोच दाब पेलायला भिंतही त्रिज्येच्या प्रमाणात जाड हवी, आणि जाड भिंत आणखी सावकाश निवते. थोडक्यात, घशातली एकच मोठी भट्टी ड्रॅगनला आतून उकडून काढेल. चालेल अशी रचना एकच: शेकडो बारीक कप्पे, प्रत्येकाला स्वतःची झडप. आणि बाहेर पडेल ती ज्वाला नसेल, उकळत्या दाहक द्रवाचा फवारा असेल. एकदम सुटलेल्या शेकडो ठोक्यांचा घुमणारा आवाज दूरवर ऐकू जाईल, आणि बहुतेक वेळा तेवढी धमकी पुरेल. रसायन तयार करायला अन्न खर्च होतं. जे आवाजाने भागतं त्यासाठी कोणता प्राणी साठा रिता करेल?

अशा फवाऱ्याने शिकार करण्यात अर्थ नाही. बेंझोक्विनोनने माखलेलं मांस खाणार कोण? भुंगेऱ्यातही त्याचा उपयोग भक्षकाच्या तावडीतून सुटण्यापुरता आहे. जपानमधल्या कोबे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये नोंदवलं की हे भुंगेरे गिळलेल्या भेकांपैकी ४३ टक्के भेकांनी ते १२ ते १०७ मिनिटांनी ओकून टाकले, आणि बाहेर आलेले सगळे भुंगेरे जिवंत होते!

मग पूर्ण वाढलेल्या ड्रॅगनला गिळायला टपलेलं आहे कोण? कोणीच नाही. पिल्लांना मात्र मोठा शत्रू आहे, आणि तो त्यांच्याच जातीतला. इंडोनेशियातल्या कोमोडो ड्रॅगन या प्रचंड घोरपडींमध्ये हे प्रत्यक्ष दिसतं. प्रौढ घोरपडी पिल्लांनाही खातात, म्हणून पिल्लं सुरुवातीचा काळ झाडांवर काढतात. प्रौढ वजनामुळे तिथे चढू शकत नाहीत. माझ्या मते ड्रॅगनची आग उत्क्रांत झालीच तर ती याच भांडणात होईल. आग ओकणारं असेल ते पिल्लू, आणि वाढत्या वयात त्या ग्रंथी आटून जातील. असं होऊ शकतं. दक्षिण अमेरिकेतल्या होॲटझिन पक्ष्याच्या पिल्लांना पंखांवर नख्या असतात. धोका दिसला की ती पाण्यात उडी मारतात आणि नख्यांच्या आधाराने पुन्हा झाडावर चढतात. मोठेपणी त्या नख्या राहत नाहीत.

ड्रॅगन मानण्याचा मोह काही निरुपद्रवी नाही, हेही सांगायला हवं. चीनमध्ये शतकानुशतकं जीवाश्मांना ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून औषधाच्या दुकानांत विकलं गेलं आणि त्यांची भुकटी करून लोकांनी ती घेतली. १९३५ मध्ये हाँगकाँगच्या अशाच एका दुकानात जायगँटोपिथेकस या प्रचंड वानराचा दात संशोधकाच्या नजरेला पडला म्हणून तो वाचला. भुकटी होऊन गेलेल्या जीवाश्मांचा हिशेब आता कधीच लागणार नाही. गुण आला की नाही याचीही कोणी पडताळणी केली नव्हती.

पुन्हा पिल्लांकडे. फवारा आला की त्यावर तोडही येतेच. उत्तर अमेरिकेतला ग्रासहॉपर माऊस हा उंदीर क्विनोन सोडणाऱ्या काळ्या भुंगेऱ्याला पकडतो, त्याचं मागचं टोक जमिनीत खुपसतो आणि डोक्याकडून खायला सुरुवात करतो. ड्रॅगनच्या फवाऱ्याचं तोंड पुढे, म्हणजे भुकेला प्रौढ मागून येऊन मान धरणार. तेव्हा बुंध्याला पाठ टेकवून, जबडा बाहेरच्या दिशेला ठेवून झोपणारी पिल्लंच पुढची पिढी जन्माला घालण्याइतकी जगतील.