‘प्रेडिक्ट ब्रेस्ट’ वापरताना: रिपोर्टमधले आकडे कसे भरावेत, उत्तर कसे वाचावे

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले की पुढचा प्रश्न येतो: केमो घ्यायची का? केंब्रिजच्या संशोधकांनी तयार केलेले ‘प्रेडिक्ट ब्रेस्ट’ हे मोफत ऑनलाइन साधन इथे खरोखर उपयोगी पडते. तुमच्यासारख्या 100 जणींपैकी कोणत्या उपचाराने किती जणी 5, 10 किंवा 15 वर्षांनी हयात असतील, याचा अंदाज ते देते.

ऑपरेशनआधीच केमो झाली असेल, कॅन्सर दुसऱ्या अवयवात पसरला असेल किंवा नुसता डीसीआयएस (दूधनलिकेच्या आतच राहिलेला, अगदी सुरुवातीचा कॅन्सर) असेल, तर ते वापरू नका. माहिती भरून उत्तर आले, तरी ते तुमचे नसेल.

हाताशी ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या भागाच्या तपासणीचा) घ्या, आधीच्या बायॉप्सीचा (तुकडा तपासणीचा) नको. सर्वांत जास्त चुका गाठीच्या मापात होतात. साधन मिलिमीटर मागते, रिपोर्टमध्ये बहुधा सेंटिमीटर असतात. 2.2 सेंमी म्हणजे 22 भरायचे, 2.2 भरले तर गाठ मोहरीएवढी धरली जाते आणि उत्तर खोटा दिलासा देते. गाठी अनेक असतील तर सर्वांत मोठीचे माप भरा, बेरीज करू नका.

आपण स्तनातल्या गाठीलाही गाठ म्हणतो आणि काखेतल्या लिम्फ नोडलाही (रसग्रंथीलाही), त्यामुळे घोळ होतो. रिपोर्टमधल्या ‘3/14’चा अर्थ 14 नोड काढले, त्यांतल्या 3 मध्ये कॅन्सर सापडला. भरायचे 3. ग्रेड (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात) 1 ते 3 असते. तिच्या जागी स्टेज (कॅन्सर किती पसरला) भरू नका. हर-2 (कॅन्सरच्या पेशींवरचे एक प्रथिन) ‘2+’ आले असेल तर तो निकाल अनिश्चित असतो. फिश तपासणीचा (हर-2चे जनुक तपासणारी पुढची चाचणी) रिपोर्ट येईपर्यंत ‘माहीत नाही’ हाच पर्याय निवडा.

आता उत्तर. समजा, 10 वर्षांनी केमोशिवाय 85 जणी हयात आणि केमोसह 88. म्हणजे 100 जणींनी केमो घेतली तर फायदा 3 जणींना. 85 जणी तिच्याशिवायही जगल्या असत्या, 12 जणी ती घेऊनही दगावल्या, आणि त्यांत इतर आजारांनी गेलेल्याही आल्या. हेच कुणी ‘मृत्यू 20 टक्क्यांनी घटतात’ असे सांगेल. तेही खरेच आहे (15 चे 12 झाले), पण ऐकायला फार मोठे वाटते. म्हणून नेहमी माणसे मोजा, टक्के नकोत.

हा आकडा जगण्याचा आहे. कॅन्सर उलटण्याची शक्यता तो सांगत नाही. हातापायांची बधिरता, मूल होण्यावरचा परिणाम, कामावरची रजा यांतले काहीही त्यात नाही. त्या 3 जणींसाठी हे सोसायचे का, यावर दोन बायकांची उत्तरे वेगळी असू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

रिपोर्ट आणलात तर आम्ही शेजारी बसून आकडे भरून, छापून देतो. उपचार घ्यावा की नाही हे आम्ही सांगत नाही. तो कागद ऑन्कॉलॉजिस्टपुढे (कॅन्सरतज्ज्ञापुढे) ठेवा आणि आधी एवढेच विचारा: “तुम्ही हेच आकडे भरले असते का?”