घासलेली नळी पुन्हा चेंबर करायची का? प्रश्न कुठून आला आणि कोकणात तो वेगळा का पडतो

टार्गेट रायफलचा ग्रुप फुटायला लागला, म्हणजे गोळ्या एका जागी न पडता विखुरल्या, की रेंजवर एक सल्ला हमखास मिळतो, नळी मागून इंचभर कापून घे, नवीन चेंबर (काडतूस बसायची मागची पोकळी) मारून घे, परत पहिल्यासारखी चालेल. सल्ला चांगला आहे आणि त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. पण तो एका ठराविक दुखण्यावरचा इलाज आहे, म्हणजे चेंबरच्या तोंडाशी जळलेल्या नळीवरचा, आणि आपल्याकडे रत्नागिरी-मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात नळ्या बऱ्याचदा त्या दुखण्याने मरतच नाहीत. म्हणून हा उपाय मुळात कशासाठी निघाला ते आधी समजून घ्यायला हवं, लेथवाल्याकडे जायचं ते त्यानंतर.

काळ्या दारूच्या जमान्यात नळीचे हाल व्हायचे ते मळीने आणि गंजाने, जळण्याने फारसे नाहीत. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने धूर न करणारी दारू शोधली, 1886 मध्ये ती लेबेल रायफलमधून बाहेर पडली, आणि इंग्रजांनी 1889 मध्ये स्वतःची कॉर्डाइट काढली. कॉर्डाइट मार्क वनमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन, 37 टक्के गनकॉटन आणि 5 टक्के व्हॅसलीनच्या जातीची जेली. ताकद प्रचंड, पण आच पण तेवढीच. त्या वेळची इंग्रजी रायफल होती ली-मेटफर्ड, 1888 ची, आणि तिच्या नळीतले चर (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा) विल्यम मेटफर्डने मुद्दाम उथळ आणि गोलसर कडांचे ठेवले होते कारण काळ्या दारूची मळी कोपऱ्यात साठू नये. (हा मेटफर्ड मुळात रेल्वे इंजिनिअर, 1857 च्या धामधुमीत कामासाठी मुंगेरला होता, तेच बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेलं मुंगेर.) कॉर्डाइटच्या आचेने ते उथळ चर बघता बघता धुऊन निघाले. मग 1895 मध्ये एनफिल्डचे पाच खोल, चौकोनी कडांचे चर आले, तीच ली-एनफिल्ड, आणि 1901 मध्ये दारूच बदलली, कॉर्डाइट एमडी, त्यात नायट्रोग्लिसरीन 58 वरून सरळ 30 टक्क्यांवर आणलं. नळी झिजते हा प्रश्न किती गंभीर होता हे यावरून कळतं, एका साम्राज्याने आधी रायफल बदलली आणि मग दारू बदलली.

आता नेमकं झिजतं काय. गोळी चेंबर सोडून चरांमध्ये शिरते तो जो तोंडाचा भाग, ज्याला सगळे थ्रोट म्हणतात, तिथे अडीच-तीन हजार अंशांचा गॅस प्रचंड दाबाने घुसतो. पॉइंट 308 विंचेस्टर या काडतुसात हा दाब जास्तीत जास्त 62000 पीएसआय (चौरस इंचावर पौंड) धरतात. पोलादाचा वरचा पापुद्रा तापतो, लगेच थंड होतो, कडक होतो आणि तडकतो, बोअरस्कोप (नळीच्या आत बघायची बारीक दुर्बीण) घालून बघितलं तर एप्रिल-मेमध्ये भाताच्या खाचराला भेगा पडतात अगदी तसं दिसतं. त्या भेगांच्या कडा पुढच्या फायरला उडतात, लँड, म्हणजे दोन चरांमधले उंचवटे, मागून झिजत पुढे सरकत जातात आणि गोळीला चर पकडायच्या आधी जास्त पोकळ अंतर उडी मारावी लागते. स्वतः काडतूस भरणारा माणूस गोळी थोडी बाहेर काढून बसवतो आणि ते अंतर भरून काढतो, पण आपल्याकडे बहुतेक जण फॅक्टरीचीच काडतुसं मारतात, त्यामुळे ती पळवाट नाही.

महत्त्वाची गोष्ट ही की ही जळजळ नळीच्या मागच्या थोड्याच भागात असते, पुढची नळी तशी चांगलीच राहते. म्हणूनच मागून कापायची कल्पना निघाली. मागचा तुकडा उडवायचा, रिसीव्हरमध्ये (नळी जिथे जोडतात त्या मधल्या भागात) बसणारे आटे नव्याने पाडायचे, रीमर नावाच्या कोरायच्या हत्याराने नवीन चेंबर कोरायचं आणि काडतूस नेमकं बसतं का ते हेडस्पेस गेजने तपासायचं.

हे काम मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा गाजलं ते झिजेसाठी नाही तर काडतूस बदललं म्हणून, आणि हा किस्सा मला फार आवडतो. अमेरिकन सैन्याने 1903 ची स्प्रिंगफील्ड रायफल काढली तेव्हा काडतूस होतं पॉइंट 30-03, जड बोथट गोळीचं. तेवढ्यात युरोपात टोकदार हलकी गोळी आली आणि तीन वर्षांत अमेरिकेला काडतूस बदलावं लागलं, हेच ते 30-06, त्यातला 06 म्हणजे 1906. नवीन काडतुसाची मान जुन्यापेक्षा जरा आखूड, म्हणजे जुनं चेंबर लांब पडलं. मग बनवलेल्या रायफली परत घेतल्या, नळ्या मागून पॉइंट 2 इंच कापल्या, आत सरकवल्या आणि पुन्हा चेंबर केल्या. म्हणून त्या रायफलच्या नळीचं माप 24 इंच असं गोल न राहता 23.79 असं विचित्र झालं आणि पुढच्या नव्या नळ्याही त्याच मापाच्या निघाल्या. मागून कापलेली नळी नीट चालते याचा याहून मोठा पुरावा कोण देणार.

पुढे दोन महायुद्धांनंतर अमेरिकेत फौजी रायफली स्वस्तात मिळायला लागल्या आणि गल्लीबोळातले गनस्मिथ त्या पुन्हा चेंबर करायला लागले. पार्कर अॅक्ली हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, त्याने जुन्याच काडतुसाच्या भिंती सरळ आणि खांदा 40 अंशांचा करून जास्त दारू मावेल अशी चेंबरं काढली. इथे दुसरा मार्ग तयार झाला, नळी न कापता किंवा अगदी थोडी कापून त्याच व्यासाच्या मोठ्या काडतुसाचं चेंबर मारायचं, म्हणजे जळलेला भाग नव्या चेंबरमध्ये आपोआप खाल्ला जातो, उदाहरणार्थ 308 ची नळी 30-06 ला. स्वस्त आणि हुशार उपाय. इंग्लंडमध्ये तिसरा मार्ग चालला, बर्मिंगहॅमचे पार्कर-हेल जुन्या झिजलेल्या नळीला आतून मोठी करून त्यात चर पाडलेली पातळ नळी बसवून द्यायचे, त्याला पार्करायफलिंग म्हणायचे, आणि पॉइंट 22 च्या लहान बोअरच्या रायफलींसाठी हे फार वापरलं गेलं.

हे तिन्ही मार्ग भारतात पोचले का, तर फारच थोडे, आणि कारण तांत्रिक नाहीये, कायदा आहे. 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात आर्म्स अॅक्ट आला, मग 1959 चा आपला. त्यात कलम 5 प्रमाणे हत्याराची दुरुस्ती किंवा रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही आणि कलम 6 मध्ये तर नळी आखूड करणं हेच वेगळं लिहिलंय, त्यासाठी परवाना लागतो. म्हणजे मागून इंचभर कापणं हे अमेरिकेत शनिवार दुपारचं काम असेल, इथे आधी अधिकृत गनस्मिथ आणि परवाना देणाऱ्या ऑफिसात लेखी विचारणा. काडतूस बदलणं तर त्याहून पुढचं, कारण आपल्या लायसन्सवर बोअर, म्हणजे हत्याराचं माप, लिहिलेला असतो. हिंदुस्थानात पॉइंट 315 ची रायफल का वाढली तेही याच गोष्टीतून, फौजेचं 303 सामान्य माणसाला बंद होतं, म्हणून वेगळ्या काडतुसाची रायफल. काडतूस बदललं की हत्याराची कायद्यातली ओळख बदलते, हे इथे फार जुनं आहे. त्यामुळे 308 ची 30-06 करून घे असा सल्ला कोणी देत असेल तर तो आपल्यासाठी नाहीये, सरळ सोडून द्यावा.

कोकणाचा आणि नेमबाजीचा संबंध तसा जुना, 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले तेच, त्यांचं घराणं मूळ संगमेश्वरातल्या मावळंग्याचं. आज पनवेलला ऑलिंपियन नेमबाज सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबमधून पोरं तयार होतायत, आणि 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणल्यापासून घाटाखालीही 22 ची चौकशी वाढलीये. बाकी गावागावात शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवर ठासणीच्या नाहीतर काडतुसाच्या बंदुका आहेत, डुकरं-वानरांसाठी, पण त्यांच्या गुळगुळीत नळीला हा प्रश्नच लागू नाही.

आता आपली हवा. पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर, वाऱ्यात मीठ. जुन्या फौजी काडतुसांच्या कॅपमध्ये (दारू पेटवणाऱ्या मागच्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचं जळून पोटॅशियम क्लोराइड व्हायचं, म्हणजे नळीत मीठच, हवेतलं पाणी ओढून घेणारं, तेल मारून ते जायचं नाही, गरम पाणीच ओतायला लागायचं. नवीन काडतुसांत ते गेलं पण खाऱ्या हवेतलं मीठ आहेच. आणि निवडणूक लागली की आचारसंहितेत हत्यारं जमा करायला लागतात, तेव्हा नळीला तेलाचा हात महिना-दोन महिने फिरत नाही. स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहणारे पण आहेत, तर टार्गेट नळ्या ज्या 416 जातीच्या स्टेनलेसच्या असतात त्यात क्रोमियम 12 ते 14 टक्के आणि मशीनिंग सोपं जावं म्हणून गंधक घातलेलं, गंजाला तोंड देण्यात ते स्टेनलेसच्या कुळातलं कच्चंच. पापलेट सोलायच्या सुरीचं स्टेनलेस वेगळं आणि हे वेगळं.

गंजाचे खड्डे पूर्ण नळीभर पडतात, फक्त मागे नाही. मागून इंच कापला तरी पुढचे पंचवीस इंच तसेच खड्ड्यांचे राहणार, पैसे आणि कागदपत्रं दोन्ही वाया. तसंच पुढच्या टोकाकडून साफ करायचा रॉड घालून घालून क्राउन (गोळी बाहेर पडते ती नळीची पुढची कड) झिजलेला असेल तर त्यावर मागे चेंबर मारून काय उपयोग, पुढून क्राउन नव्याने मारायला लागतो, पण तिथेही नळीची लांबी थोडी कमी होतेच, म्हणून कलम 6 ची विचारणा तिथेही करून घ्यावी.

22 ची गोष्ट अजून वेगळी. तिचा दाब 24000 पीएसआयच्या आसपास, गोळी शिशाची, थ्रोट जळत नाही म्हटलं तरी चालेल, हजारो हजारो फायर जातात. पण 22 चं काडतूस रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारं, आणि त्याच्या पेटवायच्या मसाल्यात काचेची पूड असते, ती दर फायरला चेंबरच्या पुढे खालच्या बाजूला, घड्याळातल्या सहाच्या जागी, घासत राहते आणि तिथे खाच पडते. ही खाच अगदी चेंबरला लागून असल्यामुळे थोडंसं कापूनही जाते, म्हणून चांगल्या जुन्या 22 मॅच नळीवर हे काम खरंच फायद्याचं ठरू शकतं.

मोठ्या बोअरला हिशोब कडक लावावा. 308 ची नळी अंदाजे 5000 फायरपर्यंत मॅचच्या लायकीची राहते, कापून पुन्हा चेंबर केल्यावर मूळच्या निम्मं आयुष्य मिळालं तरी चांगलं मानतात, कारण भेगा कापलेल्या जागेच्या पुढेही गेलेल्या असतात. वेगात पडणारा फरक इंचाला 20-25 फूट प्रतिसेकंद, तो 30 इंची नळीला जाणवणार नाही. नळीचा मागचा भाग सरळ आणि जाड आहे का, चेंबरच्या पुढे लगेच निमुळती होते का, स्टॉकमधली खाच नवीन जागेला जुळेल का, हे गनस्मिथला आधी विचारायचं. आणि सगळ्यात आधी बोअरस्कोप, दोन्ही टोकांकडून, नळी सॉल्व्हंटने पूर्ण स्वच्छ करून, कारण चेंबरच्या पुढे साठलेलं कडक कार्बनचं कडं बऱ्याचदा झिजेसारखंच वागतं आणि ते निघालं की ग्रुप परत येतो. कार्बन निघून, क्राउन ठीक असून, खड्डे नसून, फक्त मागचे दोन-तीन इंच तडकलेले दिसले तरच नळी कापायचा अर्ज करावा. नळीभर लाल ठिपके दिसले तर नव्या नळीसाठी पैसे बाजूला काढायला लागावं.