पिशवी वाळली तर माल, नाही तर कचरा

अर्धा लिटर दुधाची रिकामी पिशवी काट्यावर ठेवली तर जेमतेम अडीच-तीन ग्रॅम भरते. रोज दोन पिशव्या लागणाऱ्या घरात महिन्याचे होतात पावणेदोनशे ग्रॅम. एवढ्यासाठी भंगारवाला पाखाडी चढून येत नाही. वाडीतल्या सात-आठ घरांनी वर्षाचा माल एकत्र केला तर येतो, आणि गोणीत हात घालून आधी ओल बघतो. त्याला कारण आहे. या पिशव्या पुढे वितळवून त्यांचा दाणा करतात. यंत्रात १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान असतं. माल ओला असला की पाण्याची वाफ होते, दाण्यात बुडबुडे राहतात आणि त्या दाण्यापासून फुगवलेल्या नव्या पिशवीला भोकं पडतात. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या, साधा पंचा वाळायला दोन दिवस घेणाऱ्या कोकणात प्लॅस्टिकचा प्रश्न निम्म्याहून अधिक वाळवणाचा आहे.

सुरुवात दुधाच्या पिशवीपासूनच करू. कोपरा कापून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची आणि तो पिशवीलाच लटकता ठेवायचा. कापलेला कोपरा मोरीतून व्हाळात (ओढ्यात), व्हाळातून खाडीत जातो. या प्लॅस्टिकची घनता पाण्याच्या ०.९२ पट, समुद्राचं पाणी तर त्याहून जड, त्यामुळे तो बुडत नाही, तरंगत राहतो. पिशवी रिकामी झाली की वरची आणि एक बाजूची कड कापून वहीच्या पानासारखी उलगडायची. दुधाचं पातेलं विसळलेल्या पाण्यातच ती विसळता येते. पाणी गारच हवं, कारण गरम पाण्याने दुधातली प्रथिनं आकसून चिकटून बसतात. मग आतली बाजू मोकळी राहील अशी चिमट्याने पडवीतल्या दोरीवर लटकवायची. एकावर एक टाकलेल्या ओल्या पिशव्या आठ दिवसांनीही ओल्याच सापडतात, वर आंबूस वास. पावसाळ्यात न्हाणीच्या चुलीवरची ऊब उपयोगी पडते, पण दोरी चुलीपासून निदान पाच फूट लांब हवी. हे प्लॅस्टिक १०५ ते ११५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडून लोंबायला लागतं.

मासळीची पिशवी हे वेगळंच दुखणं. १२० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ कॅरीबॅगवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. मासळीबाजारातली झिरझिरीत पिशवी या आकड्याच्या आसपासही जात नाही, तरी बांगड्यांबरोबर घरी येतेच. झाकणाचा डबा नेणं हा सगळ्यात सोपा उपाय. आलीच पिशवी, तर आधी गार पाण्याने रक्त आणि खवलं काढायची आणि मग सार करून उरलेली आमसुलं पाण्यात कुस्करून त्या पाण्यात ती दहा मिनिटं बुडवून ठेवायची. मासळीचा वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइन या वायुरूप अल्कलीमुळे. आमसुलातलं आम्ल त्याच्याशी जोडी जमवतं, त्याचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. नुसत्या साबणाने वास का जात नाही याचं उत्तरही इथेच आहे.

तेलाची पिशवी रात्रभर उलटी टांगून निथळू द्यावी, चिमूटभर कणकेने पुसून ती कणीक चपातीच्या पिठात घालावी. पण ती दुधाच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नये. तेलाच्या बऱ्याच पिशव्यांत नायलॉनचा थर असतो.

वेगळं करणं म्हणूनच महत्त्वाचं. पॉलिथिन, म्हणजे दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक, १०५ ते १३० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलिन १६० ला आणि पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, २५० च्या पुढे. एकत्र घातलं तर पीईटीच्या न वितळलेल्या गाठी दाण्यात तशाच राहतात. घरातली परीक्षा बोटांची आहे. कड धरून ओढली की लांबत जाऊन पांढरी पडते ती पॉलिथिनची. कडकड वाजते आणि सरळ टरकते ती बहुधा पॉलिप्रॉपिलिनची. मुठीत चुरगाळून सोडल्यावर पुन्हा उलगडते आणि आतून चांदीसारखी चमकते ती वेफर्सची बहुथरी पिशवी, तिला भंगारात भाव नाही. दुकानात ‘कापडी’ म्हणून मिळणाऱ्या रंगीत पिशवीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. मुरला तर सुती, मोत्यासारखा बसून राहिला तर तेही प्लॅस्टिकच.

चंदेरी पिशव्या कोरड्या करून पाण्याच्या बाटलीत ठासून भरण्याची आणि ती बाटली विटेसारखी वापरण्याची पद्धत आहे. एक लिटरची भरलेली बाटली निदान ३३० ग्रॅम भरायला हवी, म्हणजे शंभराच्या वर पिशव्या. त्याहून हलकी बाटली दाबल्यावर पिचकते. आत ओल राहिली तर बुरशी येते. उन्हात उघडी राहिली तर बाटलीच तडकते, म्हणून बसायचा कट्टा बांधला तर त्यावर गिलावा हवाच. खरं तर हा पुनर्वापर नव्हे, साठवण आहे. तरी व्हाळापेक्षा बरी.

आता सगळ्यात जड प्लॅस्टिक, ज्याला कोणी प्लॅस्टिक कचरा म्हणतच नाही: आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडाला, पडवीत झड येऊ नये म्हणून बांधलेला प्लॅस्टिकचा कागद. चार बाय पाच मीटरचा, १०० मायक्रॉनचा कागद सुमारे १.८ किलो भरतो. दुधाच्या साडेसहाशे पिशव्या, म्हणजे अकरा महिन्यांचं दूध! पाऊस संपल्यावर आळसाने तो तसाच राहतो आणि ऑक्टोबरचं ऊन त्याला मारतं. अतिनील किरणांनी रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, कागद ठिसूळ होतो आणि पुढच्या वर्षी सोडवताना हातात चुरा येतो. त्या चुऱ्याला भंगारवाला हात लावत नाही. दसऱ्याच्या सुमारास उतरवून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवलेला कागद पुढचे पावसाळेही काढतो. घडी दर वर्षी वेगळ्या जागी घालावी, एकाच घडीवर तो चिरतो. विकत घेताना काळा घ्यावा. त्यातली काजळी अतिनील किरण स्वतः शोषून घेते.

चुलीत सोडणं (नारळाची सालं) पेटवायला पिशवी आणि भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना राबाच्या पाल्याखाली जुना कागद, ही सवय मात्र सोडलेली बरी. चुलीत हवा अपुरी पडते, काळा धूर निघतो, आणि त्यात पीव्हीसीचा (पाइपांच्या प्लॅस्टिकचा) तुकडा असला तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं तयार होतात. राख जाते माडाच्या आळ्यात. राबात तर प्लॅस्टिक धड जळतही नाही, ढेकळांना चिकटून राहतं आणि तरवा (भाताची रोपं) काढताना मुळांत गुंतलेलं सापडतं.

वाळलेल्या पिशव्या दहा-दहाच्या गुंडाळ्या करून त्यांच्याच पट्टीने बांधाव्यात. मोकळ्या भरल्या तर गोणी हवेनेच भरते. गोणी जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवावी आणि पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा तोंड उघडून वास घ्यावा. आंबूस वास आला तर त्यात एखादी पिशवी ओली गेली आहे. ती लगेच शोधावी, नाही तर शेजारच्या गुंडाळ्याही पुन्हा धुवाव्या लागतात.