नाटकाला जाणे (मराठवाडा)

मराठवाड्यातील कुटुंबांची एक जुनी करमणूक-रीत. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी लागलेले नाटक, वगनाट्य किंवा सोंगी भारूड घरच्यांनी मिळून पाहायला जायचे आणि येताना मागे राहिलेल्यांसाठी गोडाचा पुडा आणायचा, असे तिचे स्वरूप आहे. पुण्या-मुंबईला नाटक दर शनिवार-रविवारी असतेच. इकडे ते 'येते'. चौकात फलक दिसला की 'नाटक आलंय' असे म्हणतात, आणि आलेले नाटक एका रात्रीत निघूनही जाते. म्हणून इथे नाटकाला जाणे हा बेत असतो. कोण जाणार, म्हाताऱ्या माणसांपाशी कोण थांबणार, परत कशाने यायचे, हे आधी ठरते. जो थांबतो त्याचा पुड्यावर हक्क असतो, आणि तो हक्क गृहीत धरलेला असल्याने कोणी बोलून दाखवत नाही.

या रीतीचे मूळ बंदिस्त नाट्यगृहात नाही. पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९) वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू चावलेली बाई अशी पात्रे घेऊन भारुडे रचली. ती वाचण्यापेक्षा सोंग घेऊन करण्यासाठीच आहेत, हे एकदा पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, पैठणला दिंड्या जमतात. गोदाकाठच्या या यात्रेत कीर्तन, भारूड आणि मिठाईची पाले एकाच वाळवंटात असतात. भक्ती कुठे संपली आणि करमणूक कुठे सुरू झाली, हे तिथे वेगळे काढता येत नाही. काढायची कोणाला गरजही वाटत नाही.

दुसरे मूळ जत्रेतल्या तमाशाचे. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा (जि. नांदेड) मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे, आणि रात्री कनातीत तमाशाचे फड. आता लावणी महोत्सवही होतो. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, असा खेळ पहाटेपर्यंत चालतो. खरिपाचा पैसा याच सुमारास हाती आलेला असतो. बाहेरच्या पालांत गोडीशेव, रेवड्या, बत्तासे, खाजा आणि गरम जिलेबी. जिलेबी जागेवर खायची, बाकीचे घरी न्यायचे. ही विभागणी चवीपेक्षा प्रवासाने ठरवलेली आहे. बेसनाची शेव गुळाच्या पाकात घोळली की ती आठवडाभर टिकते. तिळाच्या रेवडीचेही तेच. यात्रेहून बैलगाडीने दोन मुक्काम करत परतणाऱ्याला खव्याचा पदार्थ नेणे शक्यच नव्हते. खव्याची मिठाई या रीतीत मागाहून आली, डांबरी रस्ता आणि एसटी यांच्यासोबत.

मधला काळ निजामी राजवटीचा. हैदराबाद संस्थानात राजभाषा उर्दू होती आणि जाहीर सभा-समारंभांना आगाऊ परवानगी लागे. मराठी बोलण्या-गाण्याला गणेशोत्सवातले मेळे हा एक आडवाटेचा आधार होता. मेळ्यांत पदे, संवाद, छोटे प्रवेश होत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मुंबई राज्यात १९५४ पासून चालू असलेली राज्य नाट्य स्पर्धा त्यानंतर इकडच्या हौशी मंडळींचे वार्षिक व्यसन बनली. दरम्यान औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक रंगमंचावर आले, आणि दलित नाटकाचा धागा तिथून धरला जातो. नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांनी तो पुढे नेला. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून आणि शहरातल्या हौशी संस्थांतून अनेक जण मुंबईला गेले. नाटककार प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था औरंगाबादेतच उभी राहिली. अशा कोणाचे नाटक दौऱ्यावर आले की पहिल्या रांगांत प्रेक्षकांपेक्षा सोयरे जास्त असतात, अशी गंमत केली जाते.

जागा

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) उस्मानपुऱ्याजवळचे संत एकनाथ रंगमंदिर, सिडकोतील संत तुकाराम नाट्यगृह आणि निराला बाजारातील तापडिया नाट्यमंदिर, जालन्यात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या नावाचे नाट्यगृह, नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आणि कुसुम सभागृह. परभणीत कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ यांच्या नावाचे सभागृह. लातूरला दयानंद महाविद्यालयाचे सभागृह. बीडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. धाराशिवला (पूर्वीचे उस्मानाबाद) एप्रिल २०१७ मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जयंत सावरकरांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा मांडवात आलेल्यांत शहरातल्यांइतकेच खेड्यांतलेही लोक होते.

या इमारतींविषयी प्रेक्षकांच्या तक्रारी सगळीकडे सारख्याच: पंख्याचा आवाज संवादाच्या वर जातो, मागच्या रांगेला ऐकू येत नाही, आणि दुरुस्तीसाठी बंद झालेले नाट्यगृह पुन्हा उघडेपर्यंत लहान मूल तिकिटाच्या वयाचे होते. तरीही मोठ्या नटाचा प्रयोग असला की परगावच्या गाड्या आवारात मावत नाहीत. स्पर्धेच्या नाटकाचा प्रेक्षक वेगळा. तिथे तिकीट नाममात्र, अर्धी माणसे दुसऱ्या संघाची, आणि पडदा पडल्यावर चहाच्या गाड्यावर परीक्षकांआधीच निकाल लागलेला असतो.

वाटेवरचे गोड

मध्यंतरात वडा, समोसा आणि चहा मिळतो, पण तो या रीतीचा भाग नव्हे. तो कुठेही मिळतो. खरे गोड नाट्यगृहाबाहेर, बहुधा वाटेवर असते, कारण प्रेक्षकच वाटेने आलेला असतो.

तापडिया नाट्यमंदिराहून गुलमंडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि गुलमंडी म्हटले की उत्तम मिठाई भांडारची इमरती. परगावचा माणूस तिला जिलेबी म्हणतो आणि लगेच दुरुस्त केला जातो. जिलेबीचे पीठ मैद्याचे व आंबवलेले. इमरतीला उडदाची डाळ भिजवून, बारीक वाटून, हलकी होईपर्यंत फेटतात आणि छिद्राच्या फडक्यातून कढईत आधी कडे, मग त्याभोवती पाकळ्या पाडतात. पाक आत मुरतो, तरी कड कुरकुरीत राहते. ती गरमच चांगली. म्हणून नाटकाआधी खाणारे आणि नाटकानंतर बांधून नेणारे असे दोन पंथ आहेत. दुसऱ्या पंथाला प्रयोग लांबला की तिसऱ्या अंकात चुळबूळ सुटते, कारण दुकान बंद होण्याची वेळ झालेली असते.

धाराशिवचे वैशिष्ट्य गुलाबजाम. त्याचे कारण शहराच्या आसपासच्या खव्यात आहे. भूम, वाशी तालुक्यांतील बालाघाटाच्या रांगा कोरडवाहू आहेत. पावसाचा भरवसा नाही, म्हशीचा आहे. दूध लांबच्या शहरापर्यंत न नासता पोचवण्यापेक्षा गावातच भट्टीवर आटवणे सोपे. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. जैन सिद्धक्षेत्र असलेल्या कुंथलगिरीच्या नावाने हा खवा ओळखला जातो आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. सोलापूर–संभाजीनगर रस्त्यावर सरमकुंडी फाट्याला गाड्या थांबतात त्या पेढ्यासाठी. चालकाला थांबायला सांगावे लागत नाही.

लातूरकडून तुळजापूर-सोलापूरला जाताना औसा तालुक्यात उजनी लागते. भीमेवरच्या धरणाची उजनी ती वेगळी, ही बासुंदीची. रुंद कढईत दूध मंद आचेवर ढवळत, कडेची साय खरवडून आत घालत आटवायचे, साखर शेवटी. बासुंदी पातळ, म्हणून पुड्यात येत नाही. पूर्वी लोक घरून डबा नेत. लातूर-उदगीर पट्ट्यात मार्गशीर्षी अमावस्येला, म्हणजे येळवशीला, शेतात गव्हाची खीर होते. कर्नाटकच्या शेजारामुळे तिला हुग्गीही म्हणतात. माळेगावची यात्रा नेमकी त्याच दिवसांत असल्याने काही घरांत दोन्ही बेत जोडून होतात: दिवसा शेतात जेवण, रात्री फडाची वाट.

निजामी काळाचा गोडवाही उरला आहे. नांदेड आणि संभाजीनगरात लग्नाच्या जेवणात खुबानी का मीठा, डबल का मीठा दिसतो, ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या शेजारी जातात. नाटकाशी त्यांचा थेट संबंध नाही, पण या भागाची जीभ मराठी आणि हैदराबादी अशी दोन्हीकडची असल्याचे ते दाखवतात.

पुड्याचे रिवाज

पुडा वाटेत फोडायचा नाही. पेढा आणि रेवडी पिशवीत चालतात. गुलाबजामाचा डबा मांडीवर सरळ धरून बसावे लागते आणि गतिरोधकावर पाक साडीवर येतो, हे ठरलेले. प्रयोगाआधी घेतला असेल तर तो खुर्चीखाली ठेवतात, आणि गंभीर प्रसंगी नेमकी कोणाच्या तरी पायाने प्लॅस्टिकची पिशवी वाजते. मध्यरात्री घरी पोचल्यावर झोपलेल्यांना उठवत नाहीत. पुडा देवाजवळ किंवा फडताळात, मुंग्या लागू नयेत म्हणून परातीत पाणी घालून वर वाटीत ठेवतात.

सकाळच्या चहाला तो उघडतो, आणि थांबलेल्या आजीला गोष्ट सांगायचा कार्यक्रम सुरू होतो. प्रत्येक जण आपल्याला आवडलेला प्रवेश सांगतो, नट कसा चालला ते उठून करून दाखवतो, मधूनच कोणी 'तसं नव्हतं' म्हणून अडवतो. आजी विचारते, 'मग त्या पोरीचं पुढं काय झालं?' त्याचे उत्तर येईपर्यंत बहुधा तळाच्या कागदावर पाकाचा डाग तेवढा उरलेला असतो.