खाऱ्या हवेत टिकणारे आणि हवे तेव्हा सुटणारे इपॉक्सी

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात हर्णै, मिरकरवाडा, मालवण येथील नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जातात आणि पाऊस उघडीप देईल तशी त्यांची डागडुजी चालते. फायबरच्या होडीला तडा गेला असेल, तर तो भाग घासून त्यावर काचतंतूंची मॅट ठेवतात आणि रेझिनमध्ये (चिकट, द्रव राळेत) हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारे द्रव्य, कालवून ते ब्रशने मॅटमध्ये मुरवतात. थोड्या वेळात मिश्रण गरम होऊ लागते, घट्ट होते आणि दगडासारखे बसते. त्यानंतर ते तापवले तरी वितळत नाही, फार तर करपते. नौका वीस-पंचवीस वर्षे चालवायची असेल तर असाच पदार्थ हवा. पण ती मोडीत निघाल्यावर तिचे करायचे काय, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

होड्यांच्या सांगाड्यात बहुधा स्वस्त पॉलिएस्टर रेझिन असते. पकड, ताकद आणि पाण्याला विरोध यांत तडजोड चालणार नाही, तिथे इपॉक्सी येते: जहाजांच्या रंगाचा खालचा थर, लाकूड किंवा धातूचे सांधे, आणि पवनचक्क्यांची मोठी पाती. घराघरात ओळखीचे झालेले दोन नळ्यांचे अ‍ॅरल्डाइट हेही इपॉक्सीच. एका नळीत असलेल्या रेणूंच्या टोकांना ताणलेली, तीन अणूंची इपॉक्साइड कडी असते. दुसऱ्या नळीतील हार्डनर अनेकदा अमाइन गटाचा असतो. दोन अमाइन टोकांच्या साध्या हार्डनरमध्ये चार हायड्रोजन कामाचे असतात, आणि प्रत्येक हायड्रोजन एकेक कडी उघडून रेझिनच्या रेणूशी पक्का बंध जोडू शकतो. असा प्रत्येक रेणू चार दिशांना बांधला गेला की सगळा तुकडा मिळून जवळजवळ एकच महाकाय रेणू होतो. त्यातील साखळ्या एकमेकींवरून सरकू शकत नाहीत, म्हणून तो वितळत नाही.

मोडीत निघालेला असा माल सहसा पुरला, जाळला किंवा दळून भराव म्हणून वापरला जातो. हवेविना तापवून रेझिन उडवून देता येते. पण त्यासाठी साडेचारशे अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान लागते, आणि तेवढ्या उष्णतेत काचतंतूंची निम्म्याहून अधिक ताकद जाते. कार्बनचे तंतू महाग असल्याने तिथे हा खटाटोप परवडतो. काचेच्या बाबतीत मात्र नवे तंतूच स्वस्त पडतात.

म्हणून गेल्या दशक-दीड दशकातील संशोधनाने वेगळी दिशा धरली: पदार्थ तयार झाल्यावर तो फोडायचा कसा, यापेक्षा तो घडवतानाच सुटण्याची सोय कुठे ठेवायची. मासेमारीचे जाळे सोडवायचे तर प्रत्येक दोरा कापावा लागत नाही, ठरावीक गाठी सुटल्या तरी पुरते. रसायनशास्त्रज्ञ अशीच ठरावीक गाठ हार्डनरच्या रेणूत बसवतात. मूळ रेझिन तेच राहते, त्यामुळे ताकदही फारशी उणावत नाही. मजबुती आणि सुटेपणा यांचे हाडवैर आहे, ही समजूत इथे मोडते.

या प्रकारातले आज सर्वांत पुढे गेलेले उदाहरण आदित्य बिर्ला समूहाच्या ‘रिसायक्लामाइन’ या हार्डनरचे आहे. त्याच्या रेणूत असिटल प्रकारचा बंध असतो. सिमेन्स गमेसा कंपनीने 2021 मध्ये त्यावर आधारलेली पवनचक्कीची पाती जाहीर केली आणि 2022 मध्ये जर्मनीच्या उत्तर समुद्रातील कास्कासी प्रकल्पात ती बसवली गेली. पात्याचे आयुष्य संपल्यावर ते सौम्य, गरम आम्लात बुडवले की असिटल तुटते, जाळे लांब साखळ्यांत विस्कटून द्रावणात उतरते आणि काचेचे तंतू जवळपास अखंड बाहेर निघतात. यासाठी व्हिनेगरमधले असिटिक आम्लही चालते. द्रावणातून परत मिळणारा पदार्थ मात्र मूळ इपॉक्सी नसतो, तापवून साच्यात घालता येणारे प्लास्टिक असते. चक्र पुरे झाले, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

कोकणच्या दृष्टीने असिटलची निवड विचार करण्याजोगी आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे 8.1, म्हणजे किंचित अल्कधर्मी. असिटल अल्कात टिकते आणि आम्लात तुटते. याउलट एस्टर बंध पाणी, उष्णता आणि अल्क या तिन्हींमुळे हळूहळू सुटतो, त्यामुळे एस्टरवर उभ्या असलेल्या रेझिनला दमट हवेत आणि उन्हात अधिक कडक परीक्षा द्यावी लागेल. पॅरिसच्या लुडविक लाइब्लर यांच्या गटाने 2011 मध्ये मांडलेली ‘व्हिट्रिमर’ ही कल्पना अशाच एस्टर बंधांवर आधारलेली होती. उष्णता दिली की हे बंध जागा बदलतात, पण त्यांची एकूण संख्या तेवढीच राहते. म्हणून पदार्थाला तापवून नवा आकार देता येतो. कल्पना फार सुंदर आहे; पण बंधांची अदलाबदल वापराच्या तापमानालाच सुरू झाली, तर भार सोसणारा भाग काळाच्या ओघात वाकतो.

आता काजूकडे वळू. वेंगुर्ल्याच्या परिसरात काजूबी फोडणाऱ्यांच्या हातांची कातडी टरफलातील तेलाने सोलवटते, म्हणून हाताला तेल किंवा राख लावून काम करावे लागते. भाजणारा मुख्य घटक अ‍ॅनाकार्डिक आम्ल. ते तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरते: एक फिनॉल आणि त्याला जोडलेली पंधरा कार्बनची लांब शेपटी. कार्डानॉलची फॉर्माल्डिहाइड आणि डायअमाइन यांच्याशी अभिक्रिया करून फेनाल्कामाइन नावाचे हार्डनर बनवतात आणि जहाजांच्या रंगांत ते रूढ आहेत. पावसाळी हवेत साध्या अमाइन हार्डनरने लावलेल्या थरावर कधीकधी तेलकट, पांढुरकी साय धरते, कारण अमाइन हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशीच अभिक्रिया करून बसते. फेनाल्कामाइनला हा त्रास बराच कमी होतो आणि त्याची शेपटी पाणी दूर ठेवते. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. झाडापासून आले म्हणून ते सुटेल, असे नाही. काजूच्या हार्डनरचे बंधही तितकेच हट्टी असतात. त्यात तुटणारा बंध वेगळा घालावा लागतो.

आधीच बनलेल्या पात्यांसाठी डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातील गटाने 2023 मध्ये रुथेनियमच्या उत्प्रेरकाने 160 अंशांवर साध्या इपॉक्सीचे ठरावीक बंध तोडून बिस्फिनॉल ए (रेझिनचा मूळ घटक) आणि तंतू परत मिळवून दाखवले. रुथेनियम दुर्मीळ आणि महाग असल्याने ही वाट अजून प्रयोगशाळेच्या जवळच आहे.

सुटणारे रेझिन उद्या कोकणातील नौकाबांधणीत आले, तर खरी अडचण डागडुजीत येईल. आम्ल पृष्ठभागावरून आत शिरते, त्यामुळे जाड भागाला अधिक वेळ लागतो. त्यातच दर पावसाळ्यात साध्या रेझिनची ठिगळे बसत गेली असतील, तर ती आम्लात जशीच्या तशी राहतील आणि खालचे रेझिनही झाकून ठेवतील. मोडीत काढताना आधी ती ठिगळे शोधून घासून काढावी लागतील, नाहीतर दुरुस्तीचे रेझिनही मूळ सांगाड्याच्याच जातीचे वापरावे लागेल.